भाड्याची कात्री, चोरीची कात्री आणि हक्काची कात्री

आज आपल्या प्रत्येक वस्तीत कॅमेरा आहे. मोबाइल हाच कॅमेरा झाला आहे. जयंतीची मिरवणूक, धम्मपरिषद, गायरान जमिनीचा मोर्चा, शिष्यवृत्तीसाठीचे उपोषण, भीमगीतांचा कार्यक्रम, अत्याचारग्रस्त कुटुंबाची व्यथा असे सगळे काही चित्रित होते. पण चित्रित झालेले सगळे लोकांपर्यंत पोहोचते का? बहुतेक वेळा पोहोचत नाही. दोन तासांचे भाषण कार्यकर्त्याच्या मेमरी कार्डात पडून राहते, आणि पुढच्या कार्यक्रमाला जागा कमी पडली की पुसले जाते. कॅमेरा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक टप्पा असतो, तो म्हणजे संपादन. तिथे आपली गाडी अडते. या टप्प्याकडे आपण तांत्रिक बाब म्हणून बघतो. माझ्या मते ही बाब तांत्रिक कमी आणि वैचारिक जास्त आहे.

संपादन म्हणजे काय? दोन तासांतले कोणते दहा मिनिटे लोकांनी बघायचे, कोणते वाक्य ठेवायचे, कोणते कापायचे, कोणाचा चेहरा किती वेळ दाखवायचा, हे ठरवणे. ज्याच्या हातात कात्री, त्याच्या हातात अर्थ. प्रस्थापित वृत्तवाहिन्यांनी आपल्या मोर्चाचे काय केले, हे आपण वर्षानुवर्षे बघत आलो आहोत. हजारो लोकांच्या मागण्या कापून वाहतूक कोंडीचे दृश्य तेवढे ठेवले जाते. त्यात खोटे काही दाखवलेले नसते, फक्त कापायचे काय हे त्यांनी ठरवलेले असते.

हा प्रश्न आजचा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हे खुद्द बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. ‘मूकनायक’ला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ निघाले आणि भारतभूषण प्रिंटिंग प्रेस हा स्वतःचा छापखानाही उभा राहिला. छापखान्याची गरज का पडली असेल? लेखणी तर आधीपासून हातात होतीच. पण जे लिहिले ते छापायचे की नाही हे दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून असेल, तर ती लेखणी अर्धीच आपली असते. आजच्या काळात घरातल्या संगणकावरचे संपादनाचे सॉफ्टवेअर हा आपला छापखाना आहे. म्हणून ते स्वस्तात कुठे मिळते एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ते आपल्या मालकीचे आहे का, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

भाड्याची कात्री

व्हिडिओ संपादन म्हटले की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते ॲडोबी प्रीमिअर प्रो. उत्तम सॉफ्टवेअर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण २०१३ पासून ॲडोबीने आपली नवी सॉफ्टवेअर एकरकमी विकणे बंद करून वर्गणीवर देणे सुरू केले. म्हणजे तुम्ही ते विकत घेत नाही, भाड्याने घेता. महिन्याचे हे भाडे चार आकडी आहे. ज्या घरात मुलाच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरली जाते, त्या घरात हे भाडे वर्षभर, दरवर्षी भरणे शक्य आहे का?

पैशापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. भाडे थकले की दार बंद. पाच वर्षे राबून केलेल्या कामाच्या प्रोजेक्ट फाइल तुमच्याच संगणकात असतात, पण त्या उघडण्याचे सॉफ्टवेअर तुमचे नसते. जुन्या माहितीपटात एक नाव दुरुस्त करायचे असले तरी आधी भाडे भरा. चळवळीचा दस्तऐवज अशा कुलपात ठेवायचा का, ज्याची किल्ली दर महिन्याला विकत घ्यावी लागते?

मोबाइलवरील ॲपचीही तीच गत. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत व्हिडिओवर त्यांचे नाव उमटते. संगणकावरच्या फिल्मोराचेही तसेच. पैसे भरेपर्यंत तुमच्या व्हिडिओवर त्यांचा शिक्का. म्हणजे बाबासाहेबांवरच्या तुमच्या व्हिडिओत एका कंपनीची फुकट जाहिरात चालू राहते. आणि ॲपचा भरवसा किती? २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एका आदेशाने ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉकसोबत त्या यादीत व्हिवा व्हिडिओ हे संपादनाचे ॲपही होते. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण खेड्यापाड्यांतील, वस्त्यांतील ज्या पोरापोरींनी पहिल्यांदाच लाखो प्रेक्षक मिळवले होते, त्यांची साधने आणि प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांना कोणी विचारले नाही, कारण त्यातले काहीच त्यांच्या मालकीचे नव्हते.

चोरीची कात्री

मग आपले कार्यकर्ते काय करतात? पेन ड्राइव्हमधून ‘क्रॅक’ आणतात. आपल्याकडे याला कोणी चोरी म्हणतही नाही. ‘एवढ्या मोठ्या कंपनीचे काय नुकसान होणार?’ असे म्हणून विषय संपवला जातो. कंपनीचे नुकसान बाजूला ठेवू, आपले किती होते ते बघू.

पहिले नुकसान कायद्याचे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब नुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. तुम्ही म्हणाल, गल्लोगल्ली क्रॅक चालते, कोणाला पकडले? बरोबर आहे. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला कोणी पकडत नाही. पण तुम्ही लग्नाचे व्हिडिओ करत नाही. तुम्ही सरपंचाच्या, ठेकेदाराच्या, पोलीस ठाण्याच्या कारभारावर व्हिडिओ करता. ज्यांना तुमचे तोंड बंद करायचे आहे, त्यांच्या हातात आयते कलम कशाला द्यायचे? ज्या समाजाने संविधानाच्या भाषेत हक्क मागितले, त्याच्या कार्यकर्त्याचा संगणक तरी कायद्याच्या बाजूने असला पाहिजे.

दुसरे नुकसान सुरक्षिततेचे. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराची कडी काढून अनोळखी माणसाला आत घेण्यासारखेच हे आहे. अशा फाइलमधून शिरणारे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरतात. यूट्यूब चॅनेल परक्याच्या ताब्यात जाण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे. त्याच संगणकात पीडितांचे फोन नंबर, साक्षीदारांची बोलणी, संघटनेची कागदपत्रे असतात. ती कोणाच्या हाती जातील याची हमी क्रॅक देणारा देतो का?

हक्काची कात्री

आता मुख्य मुद्दा. भाडे भरायचे नाही आणि चोरीही करायची नाही, तर तिसरा रस्ता आहे. तो अनेक वर्षांपासून उघडा आहे. रस्ता माहीत नसणे हीच आपली खरी अडचण आहे.

त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या चळवळीची सुरुवात केली. त्यात चार स्वातंत्र्ये मानली जातात. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरणे, ते आतून कसे चालते हे बघून बदलणे, त्याच्या प्रती इतरांना वाटणे आणि बदललेली आवृत्तीही वाटणे. यातले तिसरे स्वातंत्र्य आपल्यासाठी मोलाचे आहे. एका कार्यकर्त्याने एकदा डाउनलोड करावे आणि पेन ड्राइव्हवरून पन्नास जणांना द्यावे. जे क्रॅकच्या बाबतीत गुन्हा ठरते, तेच इथे परवान्याने दिलेला अधिकार आहे.

संपादनासाठी यातली तीन नावे लक्षात ठेवा.

शॉटकट : विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. खिडक्या कमी, गोंधळ कमी. नव्याने शिकणाऱ्याने इथून सुरुवात करावी. कापणे, जोडणे, आवाज कमी-जास्त करणे, मराठी शीर्षक टाकणे, रंग सुधारणे हे सगळे यात होते. व्हिडिओवर कसलाही शिक्का उमटत नाही, वेळेची मर्यादा नाही.

केडेनलाइव्ह : हेही तिन्ही प्रणालींवर चालते. २००२ पासून याचे काम सुरू आहे. दृश्यांचे अनेक थर, उपशीर्षके, हलत्या चेहऱ्याचा माग काढून तो धूसर करणे अशी मोठी कामे करायची असतील तर हे घ्यावे. शिकायला शॉटकटपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

ओपनशॉट : सगळ्यांत सोपे. शाळकरी मुलांनाही जमते. मात्र लांब आणि गुंतागुंतीच्या कामात ते अडखळते, म्हणून पाच-दहा मिनिटांच्या व्हिडिओपुरते ठीक.

चौथे एक नाव नेहमी घेतले जाते, डाविंची रिझॉल्व्ह. चित्रपटसृष्टीत वापरले जाणारे हे सॉफ्टवेअर ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे आहे. त्याची फुकट आवृत्ती शिक्क्याशिवाय मिळते आणि बहुतेक गरजा भागवते. सशुल्क आवृत्ती २९५ डॉलरला, पण एकदाच पैसे भरून. तुमच्याकडे १६ जीबी रॅम आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर जरूर वापरा. पण ते फुकट असले तरी मुक्त नाही. कंपनीने उद्या धोरण बदलले तर तुमच्या हातात काही राहत नाही. मायक्रोसॉफ्टचे विंडोज मूव्ही मेकर आठवा. लाखो लोकांनी त्यावर पहिला व्हिडिओ केला, आणि २०१७ साली कंपनीने ते बंद केले. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह करणाऱ्यांनी उद्या काम थांबवले, तरी मूळ संहिता सगळ्यांसाठी खुली असल्यामुळे दुसरे कोणीही ते पुढे नेऊ शकते. फुकट आणि मुक्त यांत हाच फरक आहे. फुकट ही मेहरबानी असते, मुक्त हा हक्क असतो. मेहरबानी आणि हक्क यांतला फरक आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

जुन्या संगणकावर कसे जमवायचे?

‘सॉफ्टवेअर फुकट असेल, पण आमचा संगणक जुना आहे’ ही तक्रार खरी आहे. तिला उत्तरही आहे. साध्या एचडी व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम पुरते. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर नवा संगणक घेण्याआधी तिच्या जागी एसएसडी बसवा. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात जुन्यात जीव येतो.

दुसरा उपाय म्हणजे ‘प्रॉक्सी’. मोबाइलचा मोठा व्हिडिओ जुन्या संगणकावर अडकत अडकत चालतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोन्ही अशा व्हिडिओची लहान, हलकी प्रत आपोआप तयार करतात. कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करायची आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना मूळ फाइल वापरली जाते. ही एक सोय चालू केली की नवीन संगणक हवा असे वाटणाऱ्या निम्म्या लोकांचे काम आहे त्यावरच भागेल.

तिसरी अडचण आवाजाची. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीस मिनिटांनंतर आवाज पुढे-मागे होतो. यात दोष संगणकाचा नसतो. मोबाइल एका सेकंदात किती चित्रे घ्यायची हे प्रकाशानुसार बदलत राहतो. शॉटकटमध्ये अशी फाइल उघडली की ती संपादनायोग्य स्वरूपात बदलू का, असे सॉफ्टवेअरच विचारते. तिथे ‘हो’ म्हणा आणि थोडा वेळ थांबा.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. म्हणून चालता संगणक भंगारात घालायचा का? त्यावर लिनक्स मिंट टाका. तेही मुक्त आहे आणि ही तिन्ही सॉफ्टवेअर त्यावर चालतात.

आणि मराठी अक्षरे? ‘मुक्ता’, ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइप या समूहाने केलेले युनिकोड फॉण्ट मुक्त परवान्याने मिळतात. ते टाकले की जोडाक्षरे तुटत नाहीत. ‘बुद्ध’ आणि ‘धम्म’ हे शब्द मोडके-तोडके दिसणारे व्हिडिओ आपण खूप सहन केले, आता पुरे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : ‘मोबाइलवर होते, मग संगणक कशाला?’ तीस सेकंदांची क्लिप मोबाइलवर जरूर करा. पण दोन तासांच्या भाषणातून सलग विचार मांडणारी वीस मिनिटे काढणे, तीन साक्षी एकमेकांशी ताडून बघणे, हे बोटभर पडद्यावर होत नाही. आपला विचार तीस सेकंदांत मावणारा असता तर बाबासाहेबांना एवढे ग्रंथ लिहावे लागले नसते.

दुसरा आक्षेप : ‘नोकरीसाठी तर प्रीमिअर किंवा एडियसच लागते.’ हे मान्य. स्टुडिओत किंवा वाहिनीत नोकरी हवी असेल तर तिथले सॉफ्टवेअर शिकावेच लागेल. पण कुठे कापायचे, कुठे थांबायचे, आवाज आधी की चित्र आधी, ही समज सॉफ्टवेअर बदलल्याने बदलत नाही. केडेनलाइव्हवर हात बसलेला मुलगा प्रीमिअर लवकर शिकतो. बटणांच्या जागा बदलतात, विद्या तीच राहते.

तिसरा आक्षेप : ‘बाहेर एडिटरला दिले की दोन हजारांत होते.’ होते, पण कात्री त्याच्या हातात राहते. शिवाय अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचा चेहरा आणि नाव उघड करणे हा गुन्हा आहे. अशी मूळ दृश्ये परक्या दुकानातील संगणकावर का सोडायची? ती घरच्या संगणकावरच राहिली पाहिजेत. आणखी एक पथ्य पाळा. मूळ फाइल कधीही पुसू नका, तिचे नावही बदलू नका. संपादनाचे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, आपणही लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. न्यायालयात मूळ चित्रीकरणाला किंमत असते, संगीत लावलेल्या व्हिडिओला नाही.

मग करायचे काय?

केरळकडे बघा. तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांना लिनक्सवर आधारित प्रणाली पुरवते, आणि ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी गटांत शाळकरी मुले मुक्त सॉफ्टवेअरवर व्हिडिओ संपादन शिकतात. मजुराचे मूल आणि डॉक्टरचे मूल एकच साधन वापरते आणि ते साधन घरीही फुकट नेता येते. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि त्यात विंडोज व ऑफिस शिकवले जाते. म्हणजे जनतेच्या फीमधून एका कंपनीचे भावी ग्राहक घडवायचे. महाराष्ट्र शासनाने शाळांत आणि बार्टीसारख्या संस्थांनी आपल्या प्रशिक्षणांत मुक्त सॉफ्टवेअर आणावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पण शासनाची वाट बघत बसायची गरज नाही. आपल्याकडे बुद्धविहार आहेत, अभ्यासिका आहेत, समाजमंदिरे आहेत. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, त्यात एका विहारात जुना पण दणकट संगणक, एसएसडी आणि एक बरा माइक येतो. चार रविवार लावा. पहिल्या रविवारी कापणे-जोडणे, दुसऱ्या रविवारी आवाज, तिसऱ्या रविवारी मराठी शीर्षके आणि उपशीर्षके, चौथ्या रविवारी प्रत्येकाने पाच मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण करणे. मुलींना त्यात आग्रहाने बसवा, कारण आपल्या व्हिडिओंत स्त्रिया मिरवणुकीत दिसतात, पण कात्रीवर त्यांचा हात क्वचितच असतो. सॉफ्टवेअर घेताना ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, जाहिरातीतल्या लिंकवरून नको. आणि शिकून झाल्यावर या प्रकल्पांना शंभर-दोनशे रुपयांची देणगी जरूर द्या. ते देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. फुकट मिळते म्हणून फुकटे होऊ नका.

बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशात फक्त पदवीचे शिक्षण येत नाही, आपल्या काळातले हत्यार चालवायला शिकणेही येते. ज्या पिढीकडे काहीच नव्हते, तिने छापखाना उभा केला. आपल्या पिढीसाठी छापखाना फुकट वाटला जातो आहे, आणि आपण एक तर भाडे भरतो आहोत, नाही तर चोरी करतो आहोत. या रविवारी शॉटकट डाउनलोड करा, मेमरी कार्डात पडून असलेले ते दोन तासांचे भाषण उघडा आणि पहिला काप स्वतःच्या हाताने द्या.

जय भीम!